पाण्याची पाळी

लेह ११,५०० फुटांवर आहे आणि तिथे वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कोकणात एवढा एका दिवसात पडून जातो. तरीही तिथे सातू, वाटाणा, सलगम, गाजर, बटाटा पिकतो, कारण शेती चालते ती वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर. हे पाणी 'युरा' म्हणजे पाटातून येतं, 'झिंग' नावाच्या तळ्यात साठतं आणि पाळीने शेतात जातं. पाळी राखायला गाव एक माणूस नेमतं. तो चुरपोन.

माझ्या युनिटमधला एक हवालदार धुळ्याकडचा, साक्री तालुक्यातला. चुरपोनला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो हसून म्हणाला, "साहेब, हा तर आमचा पाटकरी!" पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत शेतकरी पाणी वाटायला पाटकरी नेमतात, ते पाहत तो लहानाचा मोठा झाला होता.

आम्ही दोघं रविवारी जिथे राबायचो ते शेत एका आमालेंचं. लडाखीत आईला आदराने असं म्हणतात. मुलं नोकरीसाठी चंदीगडला, शेत पडीक. आमालेंनी ते गावातल्या मास्तरांच्या हवाली केलं आणि मास्तरांनी ज्याला हौस असेल त्याला बोलावलं. गावातल्या बायका, रस्त्याच्या कामावर आलेलं झारखंडचं एक जोडपं, ड्यूटी नसलेले आमचे काही जवान, असे पंधरा-वीस जण जमायचो. नियम दोनच. राबेल त्याला वाटा, आणि बागेत रँक नाही. आमाले मला खुरपं देऊन कोपऱ्यातला वाफा दाखवायच्या आणि मी मुकाट्याने निंदायला बसायचो.

मे महिन्यात सगळ्यांना उत्साह असतो. जुलैत माणसं गळायला लागली. एका रविवारी आम्ही चौघंच. आमच्या पाळीचं पाणी यायचं होतं मंगळवारी रात्री दोन वाजता, आणि कोबीने माना टाकल्या होत्या.

फौजेत यावर उपाय सोपा आहे. एक फोन केला की फटीग पार्टी हजर. तासाभरात काम फत्ते. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत अशा किती बागा मी उभ्या राहिलेल्या पाहिल्या आहेत! साहेबांना गुलाब आवडतात म्हणून गुलाब लागतात. साहेब बदलून जातात, नव्या साहेबांना हिरवळ आवडते, गुलाब उपटले जातात. युनिट हललं की हिरवळही वाळते.

फोन खिशातून काढला तेव्हा हवालदार शेजारीच होता. म्हणाला, "साहेब, हुकमाने मंगळवारी पाणी येईल. त्याच्या पुढच्या मंगळवारी पाळी कोण लक्षात ठेवणार?"

फोन खिशात गेला. मंगळवारी रात्री आम्ही चौघांनीच पाणी धरलं. बर्फाचं पाणी, पाय सुन्न झाले. दुसऱ्या दिवशी मास्तर आणि आमाले घरोघर गेले. बोलणं एवढंच, की येणार असाल तर वहीत नाव लिहा, नसाल तर तसं सांगा, राग नाही. अकरा नावं झाली. दोघादोघांच्या जोड्या लावल्या, एकाला तिघे. माझी जोडी त्या झारखंडच्या बाईंशी. आपण गेलो नाही तर जोडीदाराला एकट्याने बांध फोडावा लागतो, हे प्रत्येकाला दिसत होतं. सप्टेंबरपर्यंत एकही पाळी चुकली नाही. कोबी निम्माच हाती आला. मेथी मात्र भरपूर, आणि आमालेंनी ती आयुष्यात पहिल्यांदा चाखली.

खडकवासल्याच्या प्रबोधिनीचं ब्रीद आहे 'सेवा परमो धर्मः'. अठराव्या वर्षी मी ते हुकमाबरोबरच शिकलो. हुकमाशिवाय सेवा कशी चालते, हे मला त्या वहीने दाखवलं.

आता माझी बदली झाली आहे, हवालदार पेन्शन घेऊन साक्रीला गेला आहे. गेल्या महिन्यात मास्तरांनी बागेचा फोटो पाठवला. मेथीच्या वाफ्यात सातजण उभे आहेत. त्यातल्या पाचजणांना मी ओळखत नाही. फार बरं वाटलं.