पोटात गेलेल्या गोळ्यांचा हिशेब

अँटिबायोटिक्समुळे पोटाचा जुनाट आजार जडतो का? तंजावूरमध्ये पोटविकारांवर उपचार करताना हा प्रश्न माझ्यासमोर सतत येतो. कुंभकोणम, मन्नारगुडी, पट्टुकोट्टै, ओरत्तनाडू या भागांतून रुग्ण येतात. गावात पिढ्यान्‌पिढ्या घरी मराठी बोलणारी कुटुंबं आहेत, तीही येतात. प्रश्न तमिळमध्ये विचारलेला असो की तंजावुरी मराठीत, विचारणाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर हवं असतं. खरं उत्तर त्याहून लांब आहे. संबंध दिसतो, मोठमोठ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतो, पण गोळी हेच आजाराचं कारण असं अजून सिद्ध झालेलं नाही. आणि आपल्या माणसांच्या बाबतीत तो संबंध तपासायला लागणारी माहितीच आपण ठेवत नाही. या शेवटच्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहितो आहे.

जुनाट आजार म्हणजे कोणते, ते आधी सांगतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, शौचातून रक्त आणि आव पडते. क्रोन्समध्ये सूज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही येऊ शकते आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जाते. या दोन्हींना मिळून आयबीडी म्हणतात. आयबीएस हा निराळा आजार. त्यात दुर्बिणीतून आतडं निरोगी दिसतं, पण पोट दुखणं, फुगणं, जुलाब किंवा बद्धकोष्ठ वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाहीत. जंतुसंसर्गाचे जुलाब होऊन गेल्यावर साधारण दहातल्या एकाला आयबीएस मागे लागतो. अशा वेळी दोष त्या संसर्गाचा की त्यावर घेतलेल्या गोळीचा, हे वेगळं काढणं फार अवघड असतं.

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात आणि त्यातले बहुतेक आपल्या कामाचे असतात. न पचलेला तंतुमय भाग आंबवून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना लागणारी बरीचशी ऊर्जा या ब्युटिरेटमधूनच मिळते. हेच जंतू रोगकारक जंतूंना पाय रोवू देत नाहीत आणि प्रतिकारशक्तीला आवर घालतात. अँटिबायोटिकला यातला आपला कोण, परका कोण हे कळत नाही. कावेरीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला मी हे शेताच्या भाषेत सांगतो: तणनाशक जरा जास्त पडलं की तणासोबत पीकही जळतं, आणि मोकळ्या झालेल्या वाफ्यात सगळ्यांत आधी उगवतं ते तणच. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूच्या बाबतीत नेमकं हेच घडतं. अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या तीव्र कोलायटिसमागे तो असल्याचं १९७८ साली सिद्ध झालं. म्हणजे अँटिबायोटिकमुळे आतड्याचा गंभीर आजार होऊ शकतो, एवढं तरी वादातीत आहे. प्रश्न उरतो तो वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजारांचा.

उखडलेली वस्ती पुन्हा कधी बसते? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जबर अँटिबायोटिक्स एकत्र दिली. दीड महिन्यात बहुतेक जंतू परत आले. पण आधी सगळ्यांच्या आतड्यात असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांत सापडल्या नाहीत. माणसं धडधाकट होती आणि औषध चारच दिवसांचं होतं. जो माणूस वर्षातून चार-पाच वेळा असा कोर्स घेतो, त्याच्या आतड्याला सावरायला उसंत मिळते का, ही शंका इथूनच सुरू होते.

या शंकेचं सगळ्यांत मोठं उत्तर डेन्मार्कमधून आलं. २०२३ साली ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या अभ्यासात दहा वर्षांवरच्या ६१ लाखांहून अधिक लोकांची २००० ते २०१८ पर्यंतची माहिती तपासली होती. त्या काळात ५२,८९८ जणांना नव्याने आयबीडी झाला. अँटिबायोटिक घेतलेल्यांमध्ये आयबीडीची शक्यता न घेतलेल्यांपेक्षा १० ते ४० या वयात २८ टक्क्यांनी, ४० ते ६० मध्ये ४८ टक्क्यांनी आणि साठीनंतर ४७ टक्क्यांनी जास्त निघाली. कोर्स वाढले तसा धोकाही वाढला. पाच किंवा अधिक कोर्स घेतलेल्या ४० ते ६० वयाच्या लोकांत तो दुपटीवर गेला. धोका सर्वाधिक होता तो गोळ्या घेतल्यानंतर एक ते दोन वर्षांच्या टप्प्यात. औषधांमध्येही फरक होता. मेट्रोनिडाझोलच्या कुळातली आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातली औषधं सगळ्यांत वर होती. लघवीच्या संसर्गावर दिल्या जाणाऱ्या नायट्रोफ्युरँटॉइनचा मात्र असा संबंध दिसला नाही.

हे आकडे ऐकून कुणी घाबरून जाऊ नये. ५२,८९८ ही संख्या ६१ लाखांतली आहे. जवळपास दोन दशकांत हजारातल्या नऊ जणांनाही हा आजार झाला नाही. मुळात लहान असलेला धोका दीडपट झाला तरी लहानच राहतो. दुसरी अडचण अधिक खोल आहे. आयबीडीचं निदान होण्याआधी कितीतरी महिने पोट कुरबुरत असतं, आणि त्या कुरबुरीवर डॉक्टर अँटिबायोटिक देतात. मग गोळीमुळे आजार आला की येऊ घातलेल्या आजारामुळे गोळी आली? म्हणूनच डॅनिश संशोधकांनी निदानाच्या आधीचं एक वर्ष हिशेबातून वगळलं होतं. स्वीडनमधल्या २०२० च्या अभ्यासाने आणखी एक चाळणी लावली. सुमारे २४ हजार रुग्णांची तुलना आधी सर्वसाधारण लोकांशी केली, तेव्हा अँटिबायोटिक घेतलेल्यांत शक्यता जवळपास दुप्पट निघाली. मग तीच तुलना रुग्णांच्या निरोगी सख्ख्या भावंडांशी केली, तेव्हा वाढ ३५ टक्क्यांवर आली. म्हणजे दिसणाऱ्या संबंधातला बराच भाग घराण्याचा आणि घरातल्या राहणीचा होता. तरी काही उरलंच.

हे झालं युरोपचं. आशिया-पॅसिफिकमधल्या देशांत झालेल्या आणि २०१५ साली छापलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष तर उलटाच निघाला. आशियाई लोकांमध्ये अँटिबायोटिक घेतलेल्यांत आयबीडी कमी आढळला. आमच्या क्षेत्रात या निष्कर्षाने अनेकांना बुचकळ्यात टाकलं. आपल्याकडच्या लहान मुलाचं आतडं वेगळ्या जंतूंशी झुंजत वाढतं, आपलं अन्न वेगळं, पाणी वेगळं. तेव्हा कोपनहेगनचा आकडा उचलून तंजावूरच्या रुग्णाला लावता येत नाही, हे मला मान्य करावंच लागतं.

शिवाय तमिळनाडूच्या वैद्यकीय इतिहासात उलट्या दिशेचाही दाखला आहे. ट्रॉपिकल स्प्रू नावाचा जुनाट जुलाबांचा आजार दक्षिण भारतात एके काळी गावंच्या गावं ग्रासायचा. अन्न अंगी लागत नसे, माणूस वाळत जाई, रक्त कमी होई. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये बेकर आणि मथन यांच्या चमूने त्यावर मोलाचं काम केलं. त्यावरचा उपाय म्हणजे फॉलिक ॲसिड आणि काही महिने टेट्रासायक्लिन, म्हणजे चक्क अँटिबायोटिक. जठरातल्या व्रणामागे बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो हे दाखवणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. तो व्रणही अँटिबायोटिकनेच मुळापासून बरा होतो. आतड्याचा क्षय क्रोन्ससारखाच दिसतो आणि तोही जंतुनाशक औषधांशिवाय हटत नाही. त्यामुळे अँटिबायोटिक वाईट असं सरसकट म्हणणारा डॉक्टर रुग्णाचं नुकसान करील. कोणतं औषध, कशासाठी, किती दिवस आणि आयुष्यात कितव्यांदा, हे चार प्रश्न खरे.

या चार प्रश्नांची उत्तरं माझ्या टेबलावर कशी येतात ते सांगतो. भातशेती करणारी एक चाळिशीतली बाई मुलाला घेऊन आली होती. कित्येक महिने तिच्या शौचातून रक्त जात होतं. कोलोनोस्कोपी केली. गुदाशयापासून वर सलग लाल, खरबरीत, स्पर्श होताच रक्त येणारं अस्तर दिसलं. अल्सरेटिव्ह कोलायटिस. याआधी कोणती औषधं झाली, असं विचारल्यावर मुलाने प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर रिकामी केली. कात्रीने कापलेले पट्टीचे तुकडे, कुठे दोन गोळ्या, कुठे नुसती रिकामी खोळ. औषधाचं नाव पट्टीच्या ज्या अर्ध्या भागावर असतं तो दुकानातच राहिला होता. एका तुकड्यावर नावातली शेवटची अक्षरं तेवढी उरली होती, ‘...डाझोल’. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल की ऑर्निडाझोल, ते कळायला मार्ग नव्हता. कागदाच्या पुडीत सुट्ट्या पांढऱ्या गोळ्या होत्या, त्यांवर काहीच नव्हतं. चिठ्ठी एकही नव्हती. “पोट बिघडलं की दुकानातून आणायचो, सार,” मुलगा म्हणाला. किती वेळा? पहिल्यांदा कधी? रक्त दिसायच्या आधी की नंतर? मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. डॅनिश संशोधकांनी ज्या एका प्रश्नासाठी एवढी खबरदारी घेतली, गोळी आधी की आजार आधी, तो प्रश्न या बाईच्या बाबतीत कायमचा अनुत्तरित राहिला.

हा दोष त्या मायलेकांचा नाही. डेन्मार्कमध्ये दुकानातून घेतलेलं प्रिस्क्रिप्शनचं प्रत्येक औषध राष्ट्रीय नोंदवहीत जातं, म्हणून तिथे ६१ लाख लोकांचा हिशेब मांडता आला. आपल्याकडे अशा नोंदीची सुरुवात कायद्याने झालेली आहे. २०१३ साली अधिसूचित झालेल्या शेड्यूल एच१ नुसार त्या यादीतलं औषध विकताना डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव आणि औषधाचं प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं सांभाळणं दुकानदाराला बंधनकारक आहे. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन त्या मूळ यादीत होती. पण जुलाबांवर गावोगाव जी सर्रास दिली जातात, ती सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल, ऑर्निडाझोल ही औषधं त्या ४६ नावांत नव्हती. डॅनिश अभ्यासात सगळ्यांत वर आलेली कुळं नेमकी हीच. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल तर आपल्याकडे एकाच गोळीत मिळतात. ज्या औषधांबद्दल शंका सर्वाधिक, त्यांची नोंद सगळ्यांत कमी, ही आपली स्थिती आहे आणि ती मला अस्वस्थ करते.

नोंद ठेवणं आपल्या रक्तात नाही, असं कुणी म्हटलं की मला तंजावूरचाच दाखला द्यावासा वाटतो. १७९८ ते १८३२ या काळात इथे गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल नावाची वैद्यकीय संस्था चालवली. देशी वैद्यकातले आणि पाश्चात्त्य वैद्यकातले जाणकार तिथे काम करत. तपासून पाहिलेले उपचार लिहून काढले गेले आणि पुढे ते सरस्वती महाल ग्रंथालयाने छापले. त्याच ग्रंथालयात राजांच्या काळातली नेत्ररुग्णांची कागदपत्रं जपलेली आहेत. रुग्णाच्या डोळ्याचं रंगीत चित्र आणि सोबत आजाराचं नि उपचाराचं टिपण. चित्रकाराने बुबुळावरचं पटल, डोळ्यांतली लाली इतक्या बारकाईने रंगवली आहे की आजचा नेत्रतज्ज्ञ ते चित्र पाहून रोग ओळखू शकतो. दोनशे वर्षांपूर्वी, फोटो नसताना, एकेका रुग्णासाठी एवढे कष्ट घेतले गेले. म्हणून तर आज त्यांच्यावर अभ्यास करता येतो. आणि आज हातात मोबाइल असताना आपण पट्टीवरचं नाव जपत नाही.

मग करायचं काय? साध्या पाण्यासारख्या जुलाबांना बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या लोंढ्यात, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर पटकीचे रुग्ण वाचवून दाखवले. तेच ओआरएस आज कुठल्याही दुकानात मिळतं. मुलांना सोबत दहा ते चौदा दिवस झिंक द्यावं. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं, वजन उतरणं यातलं काही असेल तर डॉक्टर गाठावा, आणि त्यांनी तपासून अँटिबायोटिक दिलं तर ते सांगितल्याप्रमाणे घ्यावं. आयबीडीच्या भीतीने टायफॉइडचं किंवा क्षयाचं औषध टाळणं जिवावर बेतेल. अँटिबायोटिकसोबत प्रोबायोटिकची कॅप्सूल घेतली की सगळं भरून निघतं, या समजालाही आधार कच्चा आहे. २०१८ च्या एका प्रयोगात अशा कॅप्सूलनी मूळच्या जंतूंचं परतणं उलट लांबवलं. दहीभात किंवा इथला रात्रभर आंबवलेला भात आवडीने खावा, अन्न म्हणून तो चांगलाच आहे, पण त्याच्या भरवशावर नको ती गोळी घेऊ नये.

आणि घरात एक वही ठेवावी. प्रत्येकाच्या नावाचं एक पान: तारीख, औषधाचं पूर्ण नाव, कशासाठी दिलं, किती दिवस घेतलं. पट्टी कापून मिळाली तर दुकानातच उरलेल्या भागाचा फोटो घ्यावा आणि बिल मागावं. लहान मुलांची पानं तर जन्मापासून सुरू करावीत, लसीकरणाच्या कार्डाशेजारी. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की औषधाचं नाव स्वच्छ अक्षरांत लिहा आणि कारणही लिहा. सरकारकडे मागणी आहे की जुलाबांवर विकली जाणारी ही औषधं नोंदीच्या कक्षेत आणा आणि ती नोंद संशोधनाला खुली करा. अँटिबायोटिक्सनी आपल्या आतड्यांचं काय केलं, याचं उत्तर आपल्याच माणसांच्या माहितीतून मिळायला हवं. ती माहिती आज लिहायला घेतली, तरच आपल्या मुलांच्या डॉक्टरांना ‘हो’ किंवा ‘नाही’ असं ठामपणे सांगता येईल.