डोंगरामागचे रूळ

अब्बा मूळचे सोलापूरकडचे. नेरळच्या इंजिन शेडमध्ये खलाशी म्हणून लागले आणि फिटर होऊन निवृत्त झाले. माथेरानची वाफेची इंजिनं त्यांच्या हाताखालून गेली. आता वय 85. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची कड खाल्ली आहे. समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं नाही. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही. त्यांना माथेरानला नेणं आता झेपण्यासारखं नाही. म्हणून माथेरान घरात आणायचं मी मनावर घेतलं आहे.

ही लाइन 1907 साली सुरू झाली. सर आदमजी पीरभाईंचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची जिद्द. त्या काळचे 16 लाख रुपये खर्ची पडले. रुळांत अंतर अवघं 2 फूट, आणि चढ असा की 20 फूट पुढे गेलं की 1 फूट वर. बोगदा एकच, त्याचं नाव वन किस टनेल. त्या नावामागचा चावट किस्सा प्रत्येक सहलवाल्याला पाठ असतो. या बोहरी बापलेकांचं नाव विचारलं तर बहुतेक जण आपल्या तोंडाकडे बघत राहतात.

आमच्या घरात जागा म्हणाल तर दिवाणाखाली. फळी 4 फूट बाय अडीच फूट. त्याहून मोठी केली तर बाहेर ओढताना कपाटाला अडते. रूळ 9 मिलिमीटरचे आणि बाकी सगळं 76 पट लहान. काटेकोर हिशेबाने रूळ किंचित रुंद पडतात, पण या रुळांवर धावणारी इंजिनं तयार मिळतात, म्हणून तेवढी सूट घेतली. अशा फळीवर लंबगोलाशिवाय दुसरं काही बसत नाही. आणि लंबगोल म्हणजे खेळणं! माथेरानच्या संथ चालीने सोडली तरी गाडी मिनिटाभरात फिरून तोंड दाखवणार.

उपाय एकच, मागचा अर्धा लंबगोल डोंगराआड न्यायचा. तिथे रुळाला फाटा देऊन दोन गाड्या उभ्या राहतील एवढी सोय करायची. त्या प्रत्येक रुळाचा एक तुकडा विजेपुरता वेगळा तोडून त्याला स्वतंत्र बटण द्यायचं. गाडी त्या तुकड्यावर आली की मुकाट थांबते. बटण दाबलं की निघते, किंवा तिच्याऐवजी दुसरीच बाहेर येते.

गाडी वन किस टनेलमध्ये शिरून गडप होईल असा माझा बेत होता. अब्बांनी तो तिथल्या तिथे मोडीत काढला. "वो बोगदा इत्तासा है, बेटा. इंजिन घुसा के निकला. उसमें गाडी कैसे गायब होगी?" बरोबरच होतं त्यांचं. मग बोगदा आला दर्शनी बाजूला, आरपार दिसणारा, अगदी प्रामाणिक. लपवायची दोन्ही भोकं दोन टोकांना गेली. एक कातळ फोडून काढलेल्या घळीच्या वळणावर, दुसरं दाट झाडीमागे.

किती वेळ थांबवायची यावर मात्र आमचं बरेच दिवस जमेना. मी अर्धा मिनिट धरला होता. अब्बा म्हणाले, पाच. शेडमधल्या माणसाला गाडी दिसते ती जाताना आणि येताना. मधले काही तास ती डोंगराची असते. उतरायची वेळ टळली की हातातला पाना खाली ठेवून सगळे कान देऊन उभे राहत, हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. तेव्हा मला सुचलं की डोंगरामागे गेलेली गाडी मलाही दिसणार नाही. तेवढा वेळ आम्ही दोघं बरोबरीचे. बटण त्यांच्या हातात द्यायचं ठरलं.

चढाचंही असंच झालं. एवढंसं इंजिन वळणावर 20 ला 1 चढताना डबे ओढेनासं होतं, चाकं जागीच फिरतात. म्हणून रूळ सपाट ठेवून पुढची जमीनच खाली उतरवायची. फळीचा दर्शनी भाग कापून दरी केली की गाडी आपोआप उंचावर वाटते. डोंगर थर्माकोलचा, वर प्लास्टरच्या पट्ट्या, पण तो झाकणासारखा उचलता आला पाहिजे. आत रूळ घसरले तर हात पोचायला हवा. धूळ पुसायलाही. सगळ्यांत लांब डबा वळणावर किती बाहेर झुकतो हे पाहिल्याशिवाय भोकांच्या कडा पक्क्या करायच्या नाहीत, आणि डोंगर चढवण्याआधी गाडी आठवडाभर उघड्यावर फिरवायची.

देखावा ऑक्टोबरचा. भर पावसात नेरळहून गाडी वर जातच नाही, तेव्हा हिरवागार डोंगर आणि धावती गाडी एकत्र दाखवली तर अब्बा पुन्हा हसतील. गवत पिवळं पडू लागलेलं, खाली माथेरानची तांबडी माती. ती भाच्याने पिशवीभर आणून दिली आहे. मलमलीतून चाळायची आहे. झाडांसाठी बारीक काटक्या, पानांसाठी रंगवलेला भुसा.

अब्बांना वॉटर पाइप स्टेशनाची पाण्याची टाकी हवी आहे. मी ती कडेला, झाडीमागचं भोक झाकायला काढली होती. तिथे ती त्यांच्या नजरेत येत नाही. काल नकाशा चौथ्यांदा खोडला, टाकी मधोमध आणली, झाडी बोटभर वाढवली. गुरुवारी फळी सुताराकडे जायची आहे.