खाडी, घाट आणि दोन क्रूझर : भाग 2

बुधवार, हरिहरेश्वर ते गुहागर

बागमांडल्याला पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. जेट्टीचा उतार पार खालपर्यंत उघडा पडलेला, शेवटचा तुकडा ओला आणि बुळबुळीत. त्यापुढे फेरीबोटीचा लोखंडी रॅम्प. मोठ्या क्रूझरची खरी परीक्षा अशाच जागी होते. वेगात वजन जाणवत नाही, जाणवतं ते पावलाच्या गतीला.

ताई पुढे होती, कावासाकी व्हल्कन एसवर. ही गाडी आधी माझी. 2023 च्या जानेवारीत रॉयल एनफील्डची सुपर मीटिअर 650 भारतात आली, ती मी घेतली आणि व्हल्कन ताईकडे गेली. व्हल्कनच्या सीटची उंची 705 मिलिमीटर, माझ्या गाडीची 740. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण ताईची उंची पाच फुटांच्या थोडी वर. डावी टाच जमिनीला टेकवत, पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या ब्रेकला हात न लावता नुसत्या मागच्या ब्रेकवर ती सावकाश खाली उतरली. ओल्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला असता तर चाक सटकायला वेळ लागला नसता.

बोटीवरच्या पोऱ्याने सांगितलं, "मॅडम, गिअरमध्येच ठेवा." साइड स्टँडवर लावलेली जड गाडी न्यूट्रलमध्ये असली, की बोट हलताच स्टँडवरून पुढे सरकते. सावित्रीची खाडी ओलांडेपर्यंत मी तरीही हँडलला हात लावूनच उभा होतो.

वेसवीला चढ. इथे माझी गाडी ॲक्सिलरेटर जवळजवळ न देता, नुसता क्लच सोडल्यावर वर गेली. ताईला मात्र व्हल्कनची मूठ चांगली पिळावी लागली.

दोन्ही इंजिनं दोन समांतर सिलिंडरची. एक 648 सीसीचं, दुसरं 649. तरी स्वभाव वेगळे. सुपर मीटिअरचा जोर 52.3 न्यूटन-मीटर, तो 5,650 फेऱ्यांना मिळतो आणि त्यातला बराचसा त्याआधीच, अगदी खालून हाताशी येतो. व्हल्कनचा जोर जास्त, 62.4, पण तो 6,600 ला. त्यात माझ्या गाडीची क्रँक 270 अंशांची, म्हणून तिचे ठोके विषम अंतराने पडतात आणि जाड, घुमणारा आवाज येतो. व्हल्कनची 180 अंशांची. निन्जा 650 च्या घराण्यातलं हे इंजिन. फेऱ्या वाढल्या की खुलतं.

दापोलीत पेट्रोल, दाभोळला दुसरी फेरी, अंधार पडायच्या आत गुहागर.

गुरुवार, गुहागर ते रत्नागिरी

सकाळी ताई म्हणाली, "आण इकडे चावी. आज तुझी मी घेते."

मी आनंदाने जुन्या गाडीवर बसलो आणि गुडघे वर आले. व्हल्कनचे फूटपेग तीन जागी बसवता येतात; ताईसाठी ते सगळ्यात मागे घेतलेले. पाय लांब करून बसायची सवय असलेल्या मला वेळणेश्वरपर्यंत अवघडल्यासारखं झालं. तरी ही सोय मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे मोठी गाडी उंच पुरुषासाठीच असते, असं दुकानात सर्रास गृहीत धरतात. ताईसारखी बाई आरामात बसेल अशी रचना कुणीतरी विचारपूर्वक केली आहे, याचं मोल तिला ती गाडी चालवताना पाहिलं की कळतं.

हेदवीच्या पुढे रस्ता एका गाडीचा. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वळण आंधळं आणि वळणावर समोरून एसटी. गाडी पार कडेला घ्यायची, एसटी गेली की पुन्हा वेग घ्यायचा. सकाळभर हेच. व्हल्कनला दर वेळी दुसरा गिअर हवा होता. ताई तिसऱ्यातच निघून जात होती. तवसाळच्या जेट्टीवर हेल्मेट काढत म्हणाली, "अरे, हिच्यावर गिअर बदलायची आठवणच होत नाही!" मग लगेच, "पण वळवून लावायला तूच ये." सुपर मीटिअर 241 किलो, व्हल्कन 235. सहाच किलोंचा फरक, पण टाच जमिनीला पुरत नसली की तो कितीतरी जास्त वाटतो.

जयगडहून गणपतीपुळे, मग आरे-वारे. खाली समुद्र, वर वळणावळणाचा रस्ता. या टप्प्यावर गाड्यांबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही.

शुक्रवार, रत्नागिरी ते कोल्हापूर

आंबा घाट. आपापल्या गाड्या परत घेतल्या. घाटात दोन्हींचं दुखणं एकच. पाय पुढे असल्यामुळे खड्ड्यात पेगवर उभं राहून अंग उचलता येत नाही, धक्का थेट कमरेत. मागचं सस्पेन्शन व्हल्कनला 80 मिलिमीटर दबतं, माझ्या गाडीला 101. क्रूझर घ्यायची तर हे पत्करावं लागतं. मलकापूरला चहा घेताना ताई पाठ ताणून उभीच होती.

शनिवार, कोल्हापूर ते पुणे

महामार्गावर व्हल्कनचा दिवस. तिच्याकडे 61 अश्वशक्ती, माझ्याकडे 47. चौपदरी रस्त्यावर दुचाकीला 80 ची मर्यादा, त्यामुळे हा फरक वेगात दिसत नाही. उसाच्या ट्रॉल्या आणि मालाचे ट्रक मागे टाकताना दिसतो. ताई मूठ पिळायची आणि निघून जायची. मी एक गिअर उतरवून मागोमाग.

साताऱ्याला मिसळ खाताना तिने सरळ विचारलं, "एकच ठेवायची झाली तर?"

माझ्यासाठी सुपर मीटिअर. मला रस्ते आवडतात ते खाडीकाठचे, तिसऱ्या गिअरचे, आणि तिथे मला 61 अश्वशक्ती नको, खालचा जोर हवा. तिच्यासाठी व्हल्कन, नि:शंक. दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर करणाऱ्यालाही मी तीच सांगेन.

"म्हणजे माझी परत मागणार नाहीस ना?" ताईने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "पण महामार्गाने जायचं असेल, तेव्हा अधूनमधून दे."