मिलन : एक नाव, दोन घराणी

हावड्याच्या गाडीत मुंबईहून बसलात, की नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. पोलादाचे गाव. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. रशियन तंत्रज्ञ बिऱ्हाडे घेऊन आले, देशभरातून माणसे आली. त्या दोस्तीची खूण म्हणून १९७२ मध्ये ‘मैत्री बाग’ उभी राहिली. पांढरे वाघ पाहायला तिथे आजही पोरांची झुंबड उडते.

समजा, त्या गर्दीत एखाद्या आईने ‘मिलन, इकडे ये!’ अशी हाक मारली. मराठी कानाला त्यात भेट ऐकू येईल. संस्कृत ‘मिल्’ म्हणजे भेटणे. पण मिलन हे सर्बियातलेही मुलाचे अगदी घरगुती नाव आहे बरे का! तिथल्या ‘मिल’चा अर्थ लाडका, जिवलग. (इटलीतल्या मिलान शहराशी त्याचे नाते नाही.) सर्बियाच्या गादीवर मिलन ओब्रेनोविच वयाच्या चौदाव्या वर्षी, १८६८ मध्ये बसले, १८८२ मध्ये राजा झाले आणि १८८९ मध्ये गादी सोडून मोकळे झाले. लाडके नाव काही राज्य टिकवत नाही!

रशियनमध्येही लाडक्याला ‘मीली’ म्हणतात. ल्युदमिला म्हणजे लोकांची लाडकी. त्यामुळे बागेतली ती हाक एखाद्या रशियन बाईंनी ऐकली असती, तर ‘किती लाडाने बोलावतेय’ असेच त्यांना वाटले असते.