धोडपच्या गडावर एका चित्राचा शोध

आमच्या घरीं माजघराच्या भिंतीवर देवादिकांच्या तसबिरींच्या ओळींत एका डोंगराचें छायाचित्र टांगलेलें आहे. घरांत नवीन आलेली प्रत्येक सूनबाई 'हें कोणतें क्षेत्र?' असें प्रथम विचारते, आणि तें क्षेत्र नसून किल्ल्यावरचा देखावा आहे असें कळल्यावर हळदकुंकवाच्या वेळीं त्याला वगळूं लागते. तें चित्र आमच्या वडील बंधूंनीं, म्हणजे अण्णांनीं, ता. ३१ डिसेंबर १९७२ रोजीं धोडपच्या गडावरून घेतलें. दुष्काळाचें वर्ष होतें. आम्ही तेव्हां तेरा वर्षांचे व अण्णा सव्वीस वर्षांचे होते. त्यांच्यापाशीं आगफाचा 'क्लिक थ्री' नांवाचा साधा कॅमेरा होता व त्यांत बारा चित्रांची एक गुंडाळी. त्या बारांपैकीं मनासारखें साधलें तें हें एक.

चित्रांत डाव्या हाताला अगदीं जवळ एक काळा खडक आहे. त्याचें टोंक गाईच्या कानासारखें. त्याच्या पलीकडे रवळ्या-जवळ्या ही जोडी, तिच्यामागें मार्कंड्या, आणि सर्वांच्या मागें सप्तशृंगीचा लांबट कडा; एकाहून एक फिकट होत गेलेल्या राखी छटांचे हे डोंगर आहेत. खडकाचें टोंक जोडींतल्या डावीकडच्या डोंगराच्या माथ्याला नेमकें टेकलेलें आहे. चित्र पाहणाराची दृष्टि त्या खडकावर पाऊल ठेवते, तेथून जोडीवर, तेथून मार्कंड्यावर, अशी आपोआप पश्चिमेकडे चालत जाते. डोंगर मात्र उघडेबोडके आहेत; झाडाचें नांव नाहीं.

अण्णांना आतां काचबिंदूनें गांठलें आहे. या व्याधींत दृष्टीचा परीघ आक्रसत येतो. मधलें दिसतें, कडेचें नाहींसें होतें. गेल्या दिवाळींत ते त्या चित्रापुढें उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, तेंच चित्र पुन्हां एकदां घेऊन या. झाडें परत आलीं का, एवढें मला पाहावयाचें आहे." अण्णांनीं आजवर आमच्यापाशीं कांहीं मागितल्याचें आम्हांला स्मरत नाहीं. त्यांचा नातू छायाचित्रणाचा नादी आहे. त्यानें तत्काळ बीडा उचलला. आमच्या गुडघ्यांचें मत कोणीं विचारलें नाहीं.

चित्र तेंच हवें, तर ऊनहि तेंच हवें. सूर्य वर्षभर एकाच वाटेनें जात नाहीं. दक्षिणायनाच्या अखेरीस तो नैर्ऋत्येकडे झुकून मावळतो, आणि वैशाखांत त्याच कड्यांवरच्या सावल्या निराळ्या पडतात. म्हणून डिसेंबरची अखेरच धरली व २०२४ सालच्या त्या दिवसांत आम्ही दोघे नाशकाहून निघालों. मुंबई-आग्रा रस्त्यानें वडाळीभोईपर्यंत, तेथून धोडांबें, आणि पुढें पायथ्याचें हट्टी गांव. १९७२ सालीं वडाळीभोईस एस. टी.तून उतरून पुढें सर्व पायीं झालें होतें. आतां गांवापर्यंत मोटार जाते. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें १४५० मीटर आहे. वाटेंत लोखंडी शिड्या आहेत, कातळांत खोदलेल्या पायऱ्या आहेत, दरवाजाजवळ फारसी शिलालेख आहे. १७६८ सालीं थोरल्या माधवरावांनीं राघोबादादांचा पराभव केला तो याच धोडपापाशीं. पुतण्यानें चुलत्याला धरल्याची ही हकीगत शिडीवर चढतां चढतां आम्हीं नातवाला सांगितली. त्याला ती फार आवडली असें दिसलें.

माथ्याच्या सुळक्याखालीं देवीची गुहा आहे. तेथें मुक्काम टाकला. गुहेबाहेर येऊन नातवानें कॅमेरा काढला व डोळ्यांपुढें जें जें आलें त्याचीं चित्रें घेण्याचा सपाटा लावला. पूर्वेस कांचना, राजदेहेर, इंद्राई अशी चांदवडपर्यंत गेलेली सातमाळ्याची रांग, पश्चिमेस सप्तशृंगी, अचला, अहिवंत. त्या माथ्यावर दृष्टि कोठेंहि वळवा, वैभवच आहे. परंतु दुपारीं भाकरी खातांना त्यानें तीं चित्रें आम्हांला दाखविलीं, तेव्हां आम्हांला तीं सर्व एकसारखींच दिसलीं. वर फिकट आकाश, खालीं फिकट डोंगर, आणि मधें एक रेघ.

"आजोबा, इथें उभं राहिलं की किती भव्य दिसतं! फोटोंत कुठं जातं तें?" त्यानें विचारलें.

प्रश्न खरा आहे. डोंगरमाथ्यावर उभा असलेला मनुष्य नुसत्या डोळ्यांनीं पाहत नाहीं. तो मान फिरवितो, त्याला वारा लागतो, पायांखालचा खोल कडा त्याच्या पोटांत जाणवतो, आणि या सर्वांची बेरीज तो 'देखावा' म्हणून मनांत मांडतो. कॅमेऱ्याला मान नाहीं व पोटहि नाहीं. त्याला जवळचें कांहींतरी द्यावें लागतें, म्हणजे दूरचें किती दूर आहे हें त्यावरून मोजतां येतें. अण्णांनीं तो खडक घेतला होता तो याकरितां. त्यांच्याजवळ बाराच चित्रें होतीं. प्रत्येकासाठीं ते अर्धा अर्धा तास हिंडले होते, आणि आम्हांला त्या वेळीं त्याचा मनस्वी कंटाळा आला होता, हें मात्र पक्कें आठवतें.

दुसरें असें कीं दुपारची वेळच वाईट. सह्याद्रीचा हा भाग लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. म्हणून प्रत्येक डोंगराला आडव्या पायऱ्या पडलेल्या दिसतात. सूर्य डोक्यावर असतां या पायऱ्या उजेडांत विरघळून जातात. तो कलला म्हणजे प्रत्येक थराखालीं सावलीची एकेक रेघ उमटते, घळी काळ्या होतात, सोंडा उजळतात, आणि डोंगराला अंग येतें. आम्हीं नातवाला चार वाजेपर्यंत निजावयास सांगितलें. आम्हीहि निजलों. माकडांनीं तेवढ्यांत एक केळ्यांची फणी नेली.

चार वाजतां खडकाचा शोध सुरू झाला. आमची समजूत होती कीं खडक सांपडला म्हणजे काम झालें. खडक अर्ध्या तासांत सांपडलाहि. कान तसाच टवकारलेला, फक्त त्यावर कोणा थोर पुरुषानें पांढऱ्या रंगानें आपलें व आपल्या प्रियेचें नांव लिहून ठेवलेलें. परंतु खडक सांपडणें निराळें आणि अण्णा उभे होते ती जागा सांपडणें निराळें. नातवानें जुनें चित्र मोबाइलमध्यें उतरून आणलें होतें. तो तें पाही, समोर पाही, आणि मान हलवी.

येथें त्याच्याकडून आम्ही एक गोष्ट शिकलों. कांच कोणतीहि लावा, चित्र लहानमोठें होईल, कडेनें कापलें जाईल. परंतु जवळच्या वस्तूनें दूरच्या वस्तूचा कोणता भाग झांकला जातो, हें केवळ आपण कोठें उभे आहों यावरच ठरतें. आपण डावीकडे सरकलों कीं जवळचा खडक दूरच्या डोंगरांपुढून उजवीकडे सरकतो. आपण खालीं बसलों कीं खडक वर उठतो. आपण मागें गेलों कीं खडक लहान होतो, पण दहा-पंधरा पावलांनीं डोंगर कांहीं लहान होत नाहीं. म्हणजे डावें-उजवें, वर-खालीं, पुढें-मागें अशीं तीन कोडीं सोडविलीं कीं बावन्न वर्षांपूर्वीं कॅमेरा कोठें होता तें ठिकाण सांपडलेंच पाहिजे.

नातू एक पाऊल डावीकडे टाकी, बसे, उठे, मागें येई, पुन्हां पुढें जाई. त्याची ती लगबग पाहून आम्हांला एका जुन्या कोड्याचें अर्धें उत्तर मिळालें. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांत चित्रसूत्र नांवाचें प्रकरण आहे. त्यांत मार्कंडेय ऋषि वज्र राजाला चित्रकला सांगतो. आणि नृत्य कळल्यावांचून चित्र कळणार नाहीं, असें आरंभींच बजावतो. या वचनाचे शास्त्रार्थ पुष्कळ आहेत. परंतु समोर त्याच ऋषीच्या नांवाचा डोंगर उभा असून त्याच्यापुढें एक तरुण मुलगा चित्रापायीं नाचत आहे, हें पाहिल्यावर आम्हीं शास्त्रार्थाचा नाद सोडला.

पुढें-मागेंचें कोडें प्रथम सुटलें. मग वर-खालचें घेतलें. गुडघे टेकले तरी खडक हवा तितका वर येईना. शेवटीं तो पोटावर पालथा पडला, तेव्हां खडकाचें टोंक डोंगराच्या माथ्याबरोबर आलें. राहिलें डावें-उजवें. टोंक आणि माथा यांच्यामध्यें आकाशाची एक बारीक फट दिसत होती. ती बुजविण्यास डावीकडे सरकणें भाग होतें. तो सरकत सरकत गेला, आणि हात-दीड हात राहिलें असतां कडा संपला.

आम्हीं वांकून पाहिलें. खालीं वाळलेल्या गवताची उभी घसरण, तिच्याखालीं तुटलेला कडा, त्याच्याखालीं शेतें. म्हणजे अण्णा छातीपर्यंत बाहेर गेले होते! ते असें करतील हें आम्हांला कोणीं शपथेवर सांगितलें असतें तरी खरें वाटलें नसतें. घरांत गॅसची कळ दोनदां तपासणारा तो मनुष्य!

"आजोबा, एकच मिनिट. मी नुसता कॅमेरा बाहेर धरतों," नातू म्हणाला.

"नाहीं," आम्ही म्हणालों.

"त्यांनीं घेतला होता ना?"

"त्यांनीं घेतला असेल. तूं मागें हो."

तो बोलला नाहीं, पण मागेंहि झाला नाहीं. सूर्य चालला होता. सप्तशृंगीच्या कड्यावर हवा होती तशी राखी छटा आली होती, रवळ्या-जवळ्याच्या पायऱ्यांखालीं सावल्या भरत होत्या, आणि तें ऊन फार तर दहा मिनिटें राहणार होतें. घरीं एक म्हातारा आपले उरलेले डोळे आमच्यावर भिस्त ठेवून बसला होता. आम्हीं वर्गांत चाळीस वर्षें जो आवाज वापरला तो बऱ्याच दिवसांनीं काढला. नातू मागें झाला. कड्यापासून हातभर अलीकडे तिपाई जमिनीसरशी टेकवून त्यानें चित्र घेतलें, आणि फट तशीच राहिली.

रात्रीं तो फारसा बोलला नाहीं. वद्य पक्षाची अखेर असल्यामुळें चंद्र नव्हता. पश्चिमेस शुक्र बराच वेळ लखलखत होता. तो मावळल्यावर खालच्या गांवांचे दिवे तेवढे राहिले. थंडी कडाक्याची होती. त्याचा राग घालविण्याकरितां आम्हीं दादासाहेब फाळक्यांची गोष्ट काढली. दादासाहेबांचा जन्म १८७० सालीं आपल्याच जिल्ह्यांत त्र्यंबकेश्वरीं झाला. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' सर्वांना ठाऊक असतो; पण त्यापूर्वीं, १९१२ त, त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला आणि थोड्या थोड्या अंतरानें त्याचें एकेक चित्र घेऊन रोप वाढतांना दाखविलें. कॅमेरा जागचा हलला असता तर रोप वाढलें कीं दादासाहेब सरकले हें कोणाला कळलें असतें? नातवानें पांघरुणांतूनच उत्तर दिलें, "मग आपलं झाड किती वाढलं तें कसं कळणार? आपण हातभर सरकलों ना." यावर आम्हांला उत्तर सुचलें नाहीं.

सकाळीं उतरतांना पाण्याच्या टाक्यांत प्लास्टिकच्या बाटल्या तरंगतांना दिसल्या. हात पोंचल्या तेवढ्या आम्हीं काढून पोत्यांत भरल्या. जुन्या चित्रांत हें नाहीं. अण्णांनीं वगळलें म्हणून नव्हे, तेव्हां नव्हतेंच म्हणून. नातवानें त्या टाक्याचें एक चित्र घेतलें व 'हें भिंतीवर लावणार का?' असें विचारलें. आम्ही सूनबाईंकडे बोट दाखवून मोकळे झालों.

घरीं आल्यावर चित्र मोठें करून कागदावर उतरविलें. अण्णा खिडकीशीं बसले, भिंग घेतलें, आणि एका कोपऱ्यापासून बोटाबोटानें वाचावें तसें तें पाहूं लागले. त्यांना सगळें चित्र एकदम दिसत नाहीं. प्रथम सप्तशृंगी पाहिली, मग मार्कंड्या. सोंडांवरून भिंग हळूहळू खालीं आणलें. घळींत कोठें कोठें झाडीचे काळसर पुंजके आहेत. जुन्या चित्रांत तेथें कांहींच नव्हतें. माथे मात्र तसेच उघडे. खालीं शेतांत ठिकठिकाणीं चौकोनी आरसे ठेवल्यासारखें कांहीं चमकत होतें. "हें काय?" त्यांनीं विचारलें. तीं शेततळीं आहेत, आंत प्लास्टिकचा कागद घालून पाणी सांठवितात, त्यावर कांदा-द्राक्षें होतात, असें आम्हीं सांगितलें. "बहात्तर सालीं असतीं तर," एवढेंच म्हणून ते पुन्हां भिंगाकडे वळले.

सर्वांत शेवटीं भिंग खडकावर आलें आणि तेथें थांबलें.

"फट राहिली," अण्णा म्हणाले.

आम्हीं सर्व हकीगत सांगितली. कडा, घसरण, ऊन, आमची आज्ञा. "अण्णा, तुम्ही एकटे तेथें बाहेर लोंबकळलांत तरी कसे?"

अण्णांनीं भिंग खालीं ठेवलें. "एकटा कसा? तूं माझे पाय धरले होतेस. विसरलास?"

आम्हांला खरोखरच आठवत नव्हतें. अजूनहि आठवत नाहीं. तेरा वर्षांच्या आम्हांला त्या दिवसांतले फक्त फुटाणे आणि कंटाळा एवढेंच आठवतें. अण्णा मात्र सांगत होते कीं तूं रडत होतास आणि तरी हात सोडले नाहींस, आणि आईला कांहीं सांगूं नये म्हणून परत येतांना वडाळीभोईस तुला भजीं चारलीं.

नातू दाराशीं उभा राहून ऐकत होता. नवें चित्र आतां जुन्याच्या शेजारीं लागलें आहे. येत्या डिसेंबरविषयीं त्यानें अद्याप आमच्याजवळ विषय काढलेला नाहीं. परंतु परवां आमच्या मनगटांकडे तो बराच वेळ पाहत होता.