वादळांत दिलेला शब्द

लहान मूल भ्यालें म्हणजे आपण मोठीं माणसें त्यास जवळ घेऊन बहुधा एकच वाक्य बोलतों, “कांहीं होणार नाहीं हं!” हें वाक्य इतक्या सहजपणें तोंडून निघतें कीं, तें खरें कीं खोटें याचा विचारहि आपण करीत नाहीं. मी तरी करीत नसें. परंतु ता. ३ जून २०२० रोजीं कोंकण किनाऱ्यावर जें वादळ आलें, त्यानें हें वाक्य माझ्या तोंडून कायमचें काढून घेतलें. तें कसें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

त्या वर्षीं पाडव्याला म्हणून आम्ही पुण्याहून दिवेआगरास, माझ्या सासरच्या जुन्या घरीं आलों, आणि टाळेबंदी पुकारली गेल्यामुळें तेथेंच राहिलों. घरांत आम्ही सहा जणें : मामंजी, सासूबाई, माझे यजमान, मी, सात वर्षांची ताई आणि चार वर्षांचा बाळ. घर जांभ्या दगडाचें, वर मंगलोरी कौलें. पुढें ओटी, मागें पडवी, आणि पडवीच्या पायरीपासून सुरू होणारी नारळी-पोफळींची वाडी. श्रीवर्धनकडची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे; तिचींच हीं झाडें. मामंजींच्या आजोबांनीं लावलेले कांहीं माड अजून वाडींत उभे होते. कोणता माड किती नारळ देतो हें मामंजींना तोंडपाठ असे.

जूनच्या आरंभीं अरबी समुद्रांत हवेचा दाब उतरल्याची बातमी आली. ता. २ ला, निर्जला एकादशीच्या दिवशीं, त्याचें चक्रीवादळ झालें आणि बांगला देशानें सुचविलेलें ‘निसर्ग’ हें नांव त्यास मिळालें. अरबी समुद्रांतील वादळें पुष्कळदां गुजराथेकडे किंवा अरबस्तानाकडे निघून जातात. त्यामुळें गांवांत प्रथम कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं. २००९ च्या नोव्हेंबरांतल्या ‘फयान’ची आठवण मात्र जाणतीं माणसें काढूं लागलीं. सायंकाळीं पंचायतीचीं माणसें दारोदार येऊन सांगून गेलीं कीं, ज्यांचीं घरें कच्चीं आहेत त्यांनीं शाळेंत येऊन राहावें.

“आपणहि शाळेंत जाऊं या,” मी म्हणालें.

“आपलें घर कच्चें नाहीं,” मामंजी म्हणाले. “शिवाय शाळेंत सारा गांव दाटीवाटीनें बसणार. या साथींत, आमच्या वयाला, त्या गर्दीपेक्षां वारा परवडला.”

“पण मुलांचें काय?” लग्नाला दहा वर्षें झालीं होतीं, मामंजींना उलट विचारण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग. ते गप्प झाले. यजमानहि गप्प. शेवटीं सासूबाईंनीं निवाडा केला. “बाळंतिणीच्या खोलींत बसूं. ती काय शाळेहून कमी आहे?”

ही खोली माजघराच्या आंतल्या अंगास होती. चारी भिंती हातभर जाड, वर लांकडी तक्तपोशी, उजेडाला एकच झरोका. मामंजी आणि त्यांचीं भावंडें त्याच खोलींत जन्मलीं. एरवीं तिच्यांत तांदुळाच्या कणग्या आणि जुनीं पांघरुणें असत.

रात्रीं यजमानांनीं खिडक्यांवर फळ्या ठोकल्या. पिण्याचें पाणी भरून ठेवलें. सासूबाईंनीं दशम्या केल्या. मामंजींनीं गोठ्यांत जाऊन गाईचें दावें सोडलें. “ती कुठें जाईल?” बाळानें विचारलें. “तिला कळतें कुठें जायचें तें,” एवढेंच ते बोलले.

ता. ३ ला पहांटेपासून वारा सुटला. मामंजी ओटीवर उभे राहून म्हणाले, “हा वारा पावसाळ्याचा नव्हे. तो समुद्राकडून येतो. हा डोंगराकडून येतो आहे.” दहाच्या सुमारास उभें राहवेना. वाडींतल्या पोफळी भुईला टेकेपर्यंत वांकत आणि पुन्हां उठत. मग कांहीं उठेनाशा झाल्या. तेव्हां आम्ही आंतल्या खोलींत शिरलों आणि दार लावून घेतलें.

त्या आवाजाचें वर्णन मला करतां येत नाहीं. आगगाडी डोक्यावरून जात आहे आणि ती संपतच नाहीं, असें कांहींसें तें होतें. ताई माझ्या मांडीवर होती. तिनें विचारलें, “आई, घर पडेल कां ग?”

“कांहीं होणार नाहीं हं!” मी म्हणालें.

शब्द पुरता संपतो न संपतो तोंच मागें प्रचंड आवाज झाला. पडवीवर माड कोसळला होता. वासे मोडल्याचें, कौलें फुटल्याचें स्पष्ट ऐकूं आलें आणि दाराच्या फटींतून पाणी आंत येऊं लागलें. बाळ रडूं लागला. ताई रडली नाहीं. तिनें माझ्या तोंडाकडे पाहिलें, “तूं तर म्हणालीस…” एवढेंच बोलली आणि मांडीवरून उतरून भिंतीशीं जाऊन बसली. बाहेरच्या वाऱ्यापेक्षां त्या चार हातांच्या अंतराची मला अधिक भीति वाटली.

सासूबाईंनीं तिला हांक मारली. “इकडे ये, ताई. ऐक. कौलें उडतील, कदाचित् पुष्कळ उडतील. पाणी येईल. माड आणखीहि पडतील. तें आपल्या हातचें नाहीं. पण आपल्या हातचें जें आहे तें सांगतें. मी तुझा हात सोडणार नाहीं, आणि वादळ जाईपर्यंत आपण सहा जणांतलें कोणीहि ही खोली सोडणार नाहीं. कबूल?”

“कबूल,” ताई म्हणाली आणि त्यांच्या पदराखालीं शिरली. मग सासूबाईंनीं तिला कामाला लावलें. जेवढीं कौलें पडल्याचा आवाज येईल तेवढे तांदुळाचे दाणे ताटांत ठेवायचे. बाळाचें रडें थांबलें. त्यालाहि दाणे ठेवायचे होते.

दुपारीं एकाच्या पुढें वारा एकाएकीं पडला. झरोक्यांतून पिवळट उजेड आला. कानांत दडे बसल्यासारखी शांतता झाली. मामंजी ताडकन् उठले. “गेलें वादळ. मी वाडींत जाऊन येतों. गाय कुठें आहे तें बघतों.”

“बाबा, थांबा,” यजमान म्हणाले. “हा कदाचित् वादळाचा मध्य असेल. चक्रीवादळांत मधोमध वारा नसतो. तो सरला म्हणजे उलट बाजूनें पुन्हां सुरू होतो.” परंतु मामंजींचा हात कडीवर गेला होता. पन्नास वर्षें ज्यानें झाड न् झाड वाढविलें, त्यास मुलानें छापील ज्ञान सांगून काय उपयोग?

तेव्हां ताई उठली. तिनें त्यांच्या धोतराचा सोगा धरला. “आजोबा, सहा जणें. आजीनें कबूल केलें आहे.”

मामंजींनीं तिच्याकडे पाहिलें. क्षणभर राग, क्षणभर अगतिकता त्यांच्या चेहऱ्यावर दिसली. मग कडीवरचा हात खालीं आला आणि ते पुन्हां घोंगडीवर बसले. पाव-अर्ध्या तासानें वारा आला, आणि या वेळीं तो समुद्राकडून आला. एका बाजूला वांकून सैल झालेलीं झाडें दुसऱ्या बाजूच्या रेट्यानें उन्मळलीं. मागल्या दाराबाहेर, वाडींत उतरण्याच्या नेमक्या पायरीवर, दोन माड एकमेकांवर पडले. हें आम्हांस मागाहून दिसलें.

चारच्या पुढें दार उघडलें. माजघरांतून आकाश दिसत होतें. साठ माडांपैकीं अकरा उभे होते. पोफळी काड्या मोडाव्या तशा कमरेंतून मोडल्या होत्या. वाडीपलीकडचें, कधीं न दिसणारें शेजाऱ्यांचें घर सरळ समोर दिसूं लागलें होतें. मामंजी पायरीवर बसले आणि हुंदके देऊन रडूं लागले. मी मुलांना आंत नेऊं लागलें, तों सासूबाई म्हणाल्या, “राहूं दे त्यांना. आजोबांचें काय गेलें तें त्यांनाहि कळूं दे.” ताई जाऊन त्यांच्याजवळ बसली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. गाय दिवेलागणीला आपण होऊन परत आली.

पुढें महिन्याहून अधिक काळ वीज नव्हती. विहिरीवरचा पंप बंद, म्हणून पोहऱ्यानें पाणी शेंदलें. दोन दिवसांनीं वटपौर्णिमा आली, तेव्हां गांवच्या बायकांनीं वडाच्या मोडक्या बुंध्यालाच सूत गुंडाळलें. मामंजींनीं त्याच पावसाळ्यांत नवीं रोपें लावलीं. पोफळीला फळ धरावयास सहा-सात वर्षें लागतात हें त्यांना ठाऊक होतें, आणि आपलें वयहि.

पुढल्या वर्षीं, १६ मे २०२१ रोजीं, ‘तौक्ते’ वादळ कोंकण किनाऱ्याजवळून गुजराथेकडे जात होतें. आम्ही पुन्हां दिवेआगरासच होतों. रात्रीं वारा वाढला तसा बाळ माझ्याकडे आला. “आई, या वेळीं घर पडेल?”

मी उत्तर जुळवीत होतें. तेवढ्यांत अंथरुणांतून ताई म्हणाली, “तें कोणाला माहीत! पण हात सोडायचा नाहीं. इकडे ये.”