आशीर्वाद आणि स्टेपनी

रविवारची सकाळची मिस्सा आटोपून आम्ही मंदिराच्या पायऱ्या उतरू लागलो की, महिन्यातून एकदा तरी एखादे कुटुंब हमखास आमची वाट पाहत उभे असते. आवारात नवी मोटार उभी असते. बॉनेटवर झेंडूचा हार, आतल्या आसनांवर अजून न काढलेले प्लॅस्टिक आणि समोरच्या आरशाला घरातल्या धाकट्याने टांगलेली जपमाळ. आजी पदर सावरून पुढे येतात व म्हणतात, "फादर, जरा आशीर्वाद द्या ना गाडीला." आम्ही प्रार्थना म्हणतो, पवित्र जल शिंपडतो, आणि मग हातावर पेढा पडतो. धर्मग्रामातील सुखाचे जे मोजके क्षण आमच्या वाट्याला येतात, त्यांपैकी हा एक.

गेली कित्येक वर्षे मात्र प्रार्थनेपूर्वी आम्ही एक विनंती करीत आलो आहोत. "डिकी उघडा पाहू!" मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. फादरांना डिकीत काय पाहायचे असावे बरे? आम्ही सांगतो, "स्टेपनी पाहायची आहे. जॅक कुठे आहे? पाना कुठे आहे? वापरता येतो का?" बहुतेक वेळा घरधनी कानामागे खाजवतात. एकदा तर एक गृहस्थ हसत म्हणाले, "फादर, तुम्ही धर्मगुरू आहात की आर. टी. ओ.?" आम्हीही हसलो. पण या विनंतीमागे जे आहे, ते हसण्यासारखे नाही. आज ते वाचकांपुढे ठेवावे असे मनात आले.

ही गोष्ट २००४ सालच्या जुलै महिन्यातली. पुण्याच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईशज्ञानाची वर्षे काढून गुरुदीक्षा घेतल्याला फार काळ लोटला नव्हता. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात, घोटीच्या परिसरात आमचे येणे-जाणे असे. वापरायला एक जुनी जीप होती. ती चालते आहे ना, एवढीच तिची चौकशी आम्ही करीत असू. डिझेल भरायचे, किल्ली फिरवायची आणि निघायचे. आत डॅशबोर्डवर प्रवाशांचे आश्रयदाते संत ख्रिस्तोफर यांचे पदक चिकटवलेले होते. बाकी सारे त्यांच्यावर सोपवून आम्ही निर्धास्त होतो.

त्या रात्री नऊच्या सुमारास एक तरुण भिजत आला. आईच्या छातीत दुखत होते, श्वास लागत होता. घोटीत पाहिलेल्या डॉक्टरांनी ताबडतोब नाशिकला नेण्यास सांगितले होते. आम्ही त्या माउलीला तैलाभ्यंग केले, तिला जीपच्या मागच्या बाजूस निजवले, मुलगा व तिची बहीण जवळ बसली आणि आम्ही निघालो. मुंबई-आग्रा महामार्ग त्या टप्प्यात तेव्हा चौपदरी झालेला नव्हता. पाऊस असा की काच पुसणारी पट्टी नुसती पाणी इकडून तिकडे ढकलत होती. तिचे रबर झिजलेले आहे हे आम्हांला ठाऊक होते. पावसाळा आला की बदलू, असे म्हणता म्हणता पावसाळा आला होता.

वाडीवऱ्हे ओलांडले आणि जीप एका अंगाला ओढू लागली. उजवे मागचे चाक बसले होते. आम्ही घाईने डावीकडे घेतले खरे, पण कडेला चिखल असल्याने अर्धी जीप डांबरावरच राहिली. छत्री मुलाच्या हाती दिली, जॅक काढला आणि धावत्या रहदारीकडे पाठ करून चाकापाशी गुडघे टेकले. मागे ना दिवा, ना दगड, ना झाडाची फांदी. इतक्यात त्या मुलाने आमच्या झग्याची कॉलर धरून आम्हांला मागे खेचले. क्षणभरात एक ट्रक भरधाव निघून गेला. त्याच्या वाऱ्याने छत्री उलटली व भाताच्या खाचरात जाऊन पडली. ज्या जागी आमचे डोके होते, ती जागा आम्ही आजही डोळे मिटले की पाहू शकतो.

पुढची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. नट कसेबसे सुटले, चाक निघाले, स्टेपनी खाली घेतली आणि ती हाताखाली मऊ लागली. तिच्यात हवाच नव्हती. ती शेवटची केव्हा तपासली होती? आम्ही कधी तपासलीच नव्हती.

जीपमध्ये ती माउली कण्हत होती. आम्ही रस्त्यात उभे राहून हात दाखवत होतो. वाहने थांबत नव्हती, आणि अंधारात, पावसात कोणी का थांबावे? पाऊण तासाने एक दुधाचा टेम्पो थांबला. चालकाने एक शब्द न विचारता कॅन सरकवून जागा केली आणि माय-लेकाला व मावशीला घेऊन तो नाशिककडे गेला. त्याचे नावही आम्ही विचारले नाही. दयाळू शोमरोन्याचेही नाव शुभवर्तमानात नाही, हे आम्हांला त्या रात्री प्रथमच जाणवले.

ती माउली तिसऱ्या दिवशी प्रभूघरी गेली. डॉक्टर म्हणाले, "फादर, त्या पाऊण तासाने फारसा फरक पडला नसता." त्यांनी 'फारसा' हा शब्द का वापरला, ते आम्ही विचारले नाही. मुलाने कधीही आम्हांला बोल लावला नाही. अंत्यविधीच्या प्रवचनात आम्ही देवाच्या इच्छेविषयी बोललो. आणि बोलता बोलता मनात आले की, आमच्या निष्काळजीपणाला देवाची इच्छा म्हणण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

दुसऱ्या आठवड्यात आम्ही घोटीच्या एका वयस्कर पंक्चरवाल्याकडे गेलो व म्हणालो, "काका, आम्हांला हे शिकवा." सेमिनरीत अनेक विद्वान गुरुजन लाभले, परंतु टायरच्या ढिगावर बसलेल्या त्या गुरूचे धडे आम्हांला सर्वांत घट्ट पाठ आहेत.

"फादर, चाक बदलायचं ते मागून," ते म्हणाले. "आधी जागा बघायची." पंक्चर झालेली गाडी सावकाश शंभर-दोनशे मीटर पुढे नेली तर फार तर टायर जाईल, चुकीच्या जागी थांबलो तर माणूस जाईल. वळणावर, पुलावर, चढाच्या माथ्यावर थांबायचे नाही. जागा सपाट व टणक हवी. चारही इशारादिवे लावायचे, माणसे उतरवून रस्त्यापासून दूर उभी करायची, आणि लाल त्रिकोण गाडीच्या मागे बराच लांब ठेवायचा. हँडब्रेक ओढायचा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, आणि जे चाक काढायचे त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावायचे. नट अर्धा फेरा सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. जॅकवर चढलेल्या गाडीला हिसके दिले तर ती घसरते. जॅक गाडीने नेमून दिलेल्या जागीच लावायचा, आणि पावसाळ्यात त्याच्याखाली जाड फळी ठेवायची, नाहीतर तो चिखलात रुततो. चाक निघाले की ते आडवे करून गाडीखाली सरकवायचे, म्हणजे जॅक निसटलाच तर गाडी त्याच्यावर टेकेल. "आणि जॅकवरच्या गाडीखाली हात-पाय घालायचा नाय. कधीच नाय!" हे त्यांनी तीनदा सांगितले. नवे चाक बसवून नट हाताने लावायचे, गाडी खाली उतरवायची आणि मग एकाआड एक, समोरासमोरचे नट आवळायचे. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर थांबून ते पुन्हा तपासायचे.

या 'स्टेपनी' शब्दाचाही एक इतिहास आहे. बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन डनलॉप या पशुवैद्याने १८८७-८८ च्या सुमारास मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचे टायर बनवले. पुढे मोटारी आल्या, पण जादा चाक बरोबर नेण्याची सोय नव्हती. वेल्समधील लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली ते तयार केले. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते. त्या रस्त्याचे नाव जगाच्या पाठीवर इतरत्र बहुतेक पुसले गेले, आपल्याकडे मात्र गॅरेजपासून घरापर्यंत टिकून राहिले. अलीकडे, २०२० सालच्या नियमानुसार, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा व दुरुस्तीचा संच असलेल्या ट्यूबलेस टायरच्या मोटारींना स्टेपनी न ठेवण्याची मुभा मिळाली आहे. आपल्या मोटारीत नेमके काय आहे, हे घरी असतानाच पाहून ठेवावे.

चाक बदलण्याची वेळच कमी यावी म्हणून करावयाच्या गोष्टी तर याहून सोप्या आहेत. पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना हवा तपासावी. किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते, आणि गाडी भरून जाणार असेल तर त्याचा आकडाही वेगळा असतो. हवा कमी असेल तर टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि वेगात फुटते. टायरच्या खाचांमध्ये रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला, म्हणजे १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला असे समजावे. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात. '२३१९' असे असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होतेच. इंजिन ऑइल सपाट जागी, इंजिन थांबल्यावर थोड्या वेळाने पाहावे. ब्रेकचे तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. मागचे ब्रेकदिवे एकट्याला दिसत नाहीत. म्हणून एकाने पायाने ब्रेक दाबावा व दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे. पती-पत्नींनी मिळून करण्याजोगे हे एक छान काम आहे!

वाचकहो, आता आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूरपासून शिर्डीपर्यंतचा भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला व इगतपुरीहून ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंतचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. या वेगाने मोटार एका सेकंदात तेहेतीस मीटर जाते. म्हणजे दहा मीटरवर ठेवलेला त्रिकोण मागच्या चालकाला सेकंदाचा तिसरा हिस्साच देतो. शंभर मीटरवर ठेवलेला तीन सेकंद देतो. १५ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सैलानी बाबांच्या दर्ग्याहून परतणाऱ्या नाशिकच्या भाविकांची मिनीबस वैजापूरजवळ एका ट्रकवर मागून आदळली आणि बारा जीव गेले. पुढचे वाहन थांबले आहे की चालले आहे, हे रात्री अशा वेगात उमगेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून द्रुतगती मार्गावर उजवे चाक स्वतः बदलण्याचे धाडस करू नये. सर्वांनी कठड्यापलीकडे उभे राहावे आणि मदत बोलवावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहे, ११२ तर कोठेही चालतो. आणि मागच्या आसनावरही पट्टा लावावा. सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर मृत्यू पावले, तेव्हा ते मागेच बसलेले होते व त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते.

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेसाठी दूरदूरहून गाड्या येतात. सप्टेंबरात आपली कुटुंबे हरेगावला मतमाउलीच्या दर्शनाला जातात. डबे भरले जातात, गाण्यांची वही घेतली जाते. त्या पहाटे हवा कोणी पाहतो का? दहा कुमारिकांचा दाखला आम्ही अनेकदा वाचून दाखवला आहे. दिवे सर्वांकडेच होते. तेल पाचजणींकडे नव्हते. आमच्याकडेही स्टेपनी होती. आशीर्वाद हा तेलाच्या ऐवजी मिळत नसतो; जो दिवा भरून ठेवतो, त्याच्या सोबतीला तो येतो.

त्या माउलीचा मुलगा पुढे अंबडच्या एका कारखान्यात लागला. सध्या तो आमच्याच धर्मग्रामात राहतो. दर तीन महिन्यांनी एका रविवारी, मिस्सेनंतर तो व चार-पाच तरुण आवारात उभ्या गाड्यांची हवा, दिवे व स्टेपनी तपासतात. पैसे घेत नाहीत. ही कल्पना आमची नव्हे, त्याची. एकदा धीर करून आम्ही त्याला विचारले, "बाळा, त्या रात्रीचा राग येतो का रे आमचा?"

त्याने हातातला हवेचा मीटर पुसला, क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "फादर, राग यायचा. पण मग वाटलं, मीच तुमची कॉलर धरून ओढलं होतं ना? ते कशाला ओढलं असेल?" आणि तो पुढच्या गाडीकडे वळला.

आम्ही त्याच्यामागून गेलो आणि मागे उभे राहून ब्रेकदिवे पाहू लागलो.